वह्या कुणाच्या, नावे कुणाची?

वाचकाचे पत्र

महोदय,

१९८९ पासून मी निपाणी परिसरातून एका मराठी दैनिकासाठी लिहीत आलो. कागदोपत्री अखेरपर्यंत अंशकालीन वार्ताहरच राहिलो. घर चालले ते झेरॉक्सच्या दुकानावर. सुरुवातीला बातम्यांचे पाकीट संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देऊन बेळगावला पाठवत असे, पुढे फॅक्स आला, मग ई-मेल. उद्घाटने, यात्रा, अपघात सगळेच लिहिले, पण मन रमले ते कागद शोधून काढण्यात. कागदावर बांधलेला आणि जमिनीवर नसलेला एक पाझर तलाव आणि विडी कामगार बायकांच्या ठेवी बुडवणारी एक सोसायटी, या दोन प्रकरणांमुळे लोक मला ओळखतात. सोसायटीचे संचालक आपलेच, मराठी होते. ‘आपल्याच समाजाची लक्तरे वेशीवर टांगलीस’ असे मला भर बाजारात ऐकवले गेले.

आता दृष्टी अधू झाली आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, तो आम्हा दोघांना तिकडे नेणार आहे आणि इथले घर भाड्याने द्यायचे ठरले आहे. एक लोखंडी कपाट आणि दोन पत्र्याच्या पेट्या भरून वह्या, माहिती अधिकारातील उत्तरे आणि कात्रणे आहेत. मुलगा म्हणतो, रद्दीत द्या. तालुक्यात यूट्यूबवर बातम्यांची वाहिनी चालवणारी एक मुलगी मला काका म्हणते. ती सगळे मागते आहे. मित्र म्हणतात, आत्मचरित्र लिहा. वह्यांमध्ये मला माहिती देणाऱ्यांची नावे आहेत. काही जण अजून नोकरीत आहेत, काही वारले, एक जण आज स्वतःच पदाधिकारी आहे. शिवाय एक प्रकरण अर्धवट राहिले आहे : ऑगस्ट २०१९ च्या पुराच्या आठवड्यात घेतलेल्या मोजमापावर निघालेले, नदीकाठच्या एका संरक्षक भिंतीचे बिल. मी काय करावे? आणि आणखी एक विचारतो. सारी वर्षे तालुक्यातच काढली. पुण्या-मुंबईच्या पेपरात गेलो असतो तर हातून काही मोठे झाले असते का?

— एक वार्ताहर, निपाणी

उत्तर

आदरणीय वार्ताहर महोदय, सप्रेम नमस्कार.

रद्दीवाल्याला हाक मारू नका, आणि पेट्या जशाच्या तशा त्या मुलीच्या हवालीही करू नका. तुमच्या कपाटात दोन वेगवेगळ्या मालकीच्या गोष्टी इतकी वर्षे एकत्र नांदल्या आहेत. सरकारी कार्यालयांतून मिळवलेले कागद, अंदाजपत्रके, मोजमापांच्या नकला, सोसायटीचे ताळेबंद आणि छापून आलेल्या बातम्या हे सारे निपाणी-चिक्कोडी भागातील लोकांचे आहे. त्यांच्याच पैशांचा तो हिशेब आहे आणि तो तुमच्याकडे केवळ सांभाळायला होता. ज्यांनी तुम्हाला माहिती दिली त्यांची नावे मात्र ना लोकांची आहेत, ना त्या मुलीची, ना तुमची. ती ज्यांची त्यांची आहेत. घर सोडण्यापूर्वी या दोहोंची फारकत करणे हे तुमच्या कारकिर्दीतले, माझ्या मते, सर्वांत जबाबदारीचे काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही, कारण वहीतल्या कोणत्या ओळीमागे कोण उभे आहे हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

नावांपासूनच सुरुवात करा. महानगरात ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ असे लिहिले की तो माणूस हजारोंत मिसळून जातो. तालुक्याच्या ठिकाणी तसे होत नाही. एखाद्या शाखेत लेखनिक दोन आणि शिपाई एक. बातमी छापून आल्यावर त्यांच्यापैकी कुणाची बदली झाली यावरूनच गाव काय ते ओळखते. म्हणून नाव खोडले म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे समजू नका. ‘धारवाडहून बदलून आलेले’, ‘ज्यांची मुलगी परिचारिका आहे ते’, ‘रविवारी दुकानात येऊन गेले’ अशा टिपा तुमच्या वह्यांत असणारच, आणि नावापेक्षा त्यांच्यावरून ओळख लवकर पटते. काळ्या शाईने गिरवलेले नावही कागद उजेडासमोर धरला की पुष्कळदा वाचता येते. खात्रीचा मार्ग वेळखाऊ आहे : प्रत्येक पान वाचावे, त्यातील तारखा, रकमा, कामांचे क्रमांक, गावांची नावे एवढेच कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावे आणि मूळ पान नष्ट करावे. दृष्टी अधू असल्याने वाचून दाखवायला कुणीतरी लागेल. ते काम त्या मुलीला सांगू नका, तालुक्यातल्या कुणालाही सांगू नका. तुमच्या मुलाने त्यासाठी काही दिवसांची रजा काढावी. तो गावाबाहेर राहतो, त्याला या माणसांशी काही देणेघेणे नाही, आणि ज्याला तो रद्दी म्हणतो आहे ते काय आहे हे त्यालाही त्या निमित्ताने कळेल.

यात एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगा. तुमच्या बातम्यांशी संबंधित एखादा खटला किंवा चौकशी अजून चालू असेल, तर त्या प्रकरणाच्या कागदाला वकिलाच्या सल्ल्याशिवाय हात लावू नका, कारण न्यायालयासमोर येऊ नये म्हणून कागद नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. सोसायटीचे प्रकरण मला या दृष्टीने विशेष जपण्यासारखे वाटते. ठेवीदारांचे वाद वर्षानुवर्षे रेंगाळत असतात.

हे सगळे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचा हक्क आपल्याकडे पत्रकाराला आहे असा अनेकांचा समज असतो, आणि तो बव्हंशी चुकीचा आहे. प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या पंधराव्या कलमात बातमीचा स्रोत सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आहे, पण ते संरक्षण प्रेस कौन्सिलपुढील चौकशीपुरते आहे. विधी आयोगाने १९८३ साली आपल्या ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यातच तशी तरतूद करावी अशी शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तिला जागा मिळाली नाही. गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, पण तो अमलात आलेला नाही. थोडक्यात, तुमच्या लेखनिकाचे रक्षण करायला तुमच्या शब्दाखेरीज आजही फारसे काही नाही. तुम्ही पुण्याला गेलात आणि वह्या इथे राहिल्या, तर तो शब्दही मागे राहणार नाही.

जे हयात आहेत त्यांना शक्य तर प्रत्यक्ष भेटा, फोनवर हा विषय काढू नका. ‘तुमच्याविषयीच्या टिपा मी नष्ट करतो आहे’, एवढेच तुम्ही सांगितले तरी त्यांच्या मनावरचे ओझे उतरेल. काही जण, विशेषतः निवृत्त झालेले, आपण काय केले हे आता सांगायला तयारही असतील. तसे असल्यास त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेले ठेवा, तुमच्या आठवणीतले नको. जे वारले त्यांच्या बाबतीत मृत्यूने प्रश्न मिटला असे मानू नका. त्यांची मुले त्याच गावात राहतात, त्यांतला एखादा अनुकंपा तत्त्वावर त्याच खात्यात लागलेला असतो. आणि जो आज पदाधिकारी आहे, त्याने एके काळी दुसऱ्याचा गैरव्यवहार उघड करायला तुम्हाला मदत केली आणि आज त्याच्याविषयीच लोक काहीबाही बोलतात, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून जाणवते. तरीही त्याला दिलेला शब्द शाबूत आहे. त्याच्या आजच्या कारभारावर त्या मुलीने जरूर लिहावे, पण ते स्वतः मिळवलेल्या कागदांवरून. तुमच्या वहीतील जुन्या ओळीवरून नव्हे.

आता कागदांकडे वळतो. ते जपायला का हवेत, याचे उत्तर कार्यालयांच्या कारभारातच आहे. सरकारी अभिलेखांना जतनाची मुदत ठरवून दिलेली असते आणि ती संपली की फायली नियमानुसारच नष्ट होतात. त्यातून निपाणी हा तालुका २०१८ मध्ये चिक्कोडीतून वेगळा झाला. त्यापूर्वीचे कागद काही इथे, काही तिथे, आणि या हलवाहलवीत काय गहाळ झाले याची नोंद कुठेच सापडत नाही. अशा स्थितीत पाझर तलावाच्या अंदाजपत्रकाची तुमच्याकडे असलेली प्रमाणित प्रत ही कदाचित त्या कागदाची शिल्लक राहिलेली एकमेव प्रत असेल. माहिती अधिकार कायदा २००५ च्या आठव्या कलमातील तिसऱ्या उपकलमानुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनांविषयीची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे अपवाद सोडले तर, एरवीची कारणे सांगून नाकारता येत नाही. तुमच्या सुरुवातीच्या काळात ‘गोपनीय’ म्हणून परत पाठवलेल्या अनेक गोष्टी आज पुन्हा मागता येतील. पण काय मागायचे हे ज्याच्याकडे जुने संदर्भ आहेत त्यालाच कळते, आणि ते संदर्भ तुमच्या पेट्यांत आहेत.

कागद हाताळताना फॅक्सपासून सुरुवात करा. फॅक्सच्या चकचकीत उष्णतासंवेदी कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडून जातात, हे झेरॉक्सच्या दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला मी सांगायला नको. जे अजून दिसते आहे त्याचे मोबाईलवर नीट उजेडात छायाचित्र घ्या आणि साध्या कागदावर प्रत काढा. गंजलेल्या टाचण्या काढून टाका. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेल्या झेरॉक्सची शाई पाकिटाला चिकटते, म्हणून साधे कागदी लिफाफे वापरा. कात्रणांच्या मागे दैनिकाचे नाव, तारीख आणि आवृत्ती लिहिलेली नसेल तर जेवढी आठवेल तेवढी आता लिहा. तारीख नसलेले कात्रण पुढच्या माणसाच्या फारसे उपयोगाचे नसते.

पुराच्या आठवड्यातील बिलाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ते प्रकरण जिवंत आहे. मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे एम. बी. म्हणतात, तिच्यात कनिष्ठ अभियंता झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची आपल्या हाताने लिहितो, खाली तारीख आणि सही करतो, वरिष्ठ अभियंता ती तपासतो आणि त्यावरून देयक निघते. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा-दूधगंगेला पूर आला होता, पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद होता. त्या दिवसांत नदीकाठच्या भिंतीची टेप लावून मोजणी झाली असेल यावर विश्वास बसणे कठीण आहे. परंतु केवळ तारखेवरून बातमी उभी राहत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. मोजणी आधी झाली आणि पुस्तिकेत नोंद नंतर घेतली, असा खुलासा अभियंता करू शकतो, आणि तो कदाचित खराही असेल. म्हणून कार्यादेश कधीचा, काम सुरू झाल्याचा दाखला कधीचा, वरिष्ठांची तपासणी कोणत्या तारखेची, टप्प्याटप्प्याची छायाचित्रे जोडली आहेत का, निविदा कर्नाटकाच्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्याप्रमाणे निघाली की काम तुकडे करून वाटले, हे सगळे जुळवून पाहावे लागेल. आणि सर्वांत आधी त्या गावी जाऊन भिंत आहे का ते पाहावे लागेल. पूर ओसरल्यावर भिंत वाहून गेली असे सांगितले गेले, तर तिचा पाया तरी कुठे आहे, हे गावातील चार म्हाताऱ्यांना विचारावे लागेल.

हे काम त्या मुलीने करावे, पण तुमच्या प्रती हातात धरून वाहिनीवर दाखवून नव्हे. तिला कागद देऊ नका, कागदापर्यंतची वाट दाखवा. तिने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, स्वतः प्रमाणित प्रती घ्याव्यात, अभियंत्याला आणि कंत्राटदाराला लेखी प्रश्न पाठवून त्यांचे म्हणणे मागवावे. असे केले तर कागद खरा की खोटा यावर वाद होत नाही, तुम्हाला तो कुणी दिला असा प्रश्न उद्भवत नाही, आणि बातमी तिची होते. कर्नाटकाच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि तो साधारणपणे दीडशे शब्दांत बसवावा लागतो. नवशिके वार्ताहर एकाच अर्जात दहा कामांचा हिशेब मागतात आणि अर्ज परत येतो. माहिती अधिकाराचा अर्ज कायद्याने इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथे कन्नडमध्ये. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, त्यामुळे तक्रार मराठीत करता येईल; पण माहितीचा अर्ज वेगळा, आणि उत्तरही कन्नडमध्येच येणार. तुम्ही या वर्षांत कार्यालयीन कन्नड वाचायला शिकला असणार, नाहीतर तलावाचा छडा लागलाच नसता. ती मुलगी मराठी शाळेत शिकलेली असेल तर निघण्यापूर्वी तिला शेजारी बसवून एक अंदाजपत्रक ओळीने वाचून दाखवा. कोणत्या शब्दाखाली रक्कम लपते, कोणत्या शिक्क्याचा अर्थ काय, हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. कपाटातील सगळ्या कागदांपेक्षा ही एक बैठक तिला अधिक उपयोगी पडेल.

तिच्या सुरक्षिततेचाही विचार करा. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्याच्याविषयी त्यांनी लिहिले होते त्याच्याच गाडीखाली मृत्यू झाला, आणि बस्तरमधील मुकेश चंद्राकार यांनी रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार दाखवल्यावर जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह कंत्राटदाराच्या आवारातील टाकीत सापडला. दोघेही आपल्याच भागात लिहिणारे, आपल्याच लोकांना ठाऊक असलेले वार्ताहर होते. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ साली कायदा केला, पण तो कोगनोळी नाक्याच्या, म्हणजे राज्याच्या सीमेच्या, पलीकडे लागू आहे, अलीकडे नाही. म्हणून तिने एकटीने जागेवर जाऊ नये, कुठे चालली आहे हे कुणाला तरी सांगून जावे, आणि शक्य असेल तर एखाद्या कन्नड दैनिकाच्या वार्ताहरासोबत हे काम करावे. एकाच दिवशी दोन भाषांत आलेली बातमी दाबता येत नाही, आणि ‘ही मराठीवाल्यांची ओरड’ असे म्हणून झटकताही येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण सीमाभागातील वार्ताहराची खरी अडचण तिथेच आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून, महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालावरील वादापासून ते महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्यापर्यंत, सीमाप्रश्न आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या अग्रभागी राहिला. ते स्वाभाविक होते. बेळगावात १९१९ साली बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केला तेव्हापासून इथले वृत्तपत्र हे चळवळीच्याही जवळचे राहिले आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की अधिकाऱ्याला गटाराच्या खर्चाचा हिशेब विचारला तरी तो भाषेचा प्रश्न ठरवून टाळता येतो, आणि आपल्या बाजूच्या पुढाऱ्याला ठेवींचा हिशेब विचारला तर तो समाजद्रोह ठरतो. दोन्हीकडून गैरव्यवहार करणाऱ्याचेच फावते. तुम्ही सोसायटीच्या प्रकरणात हे टाळलेत. बाजारात तुम्हाला जे ऐकून घ्यावे लागले ते अन्यायाचे होते, असे मी स्पष्ट लिहितो. दिवसभर विड्या वळून साठवलेला पैसा ज्या बायकांनी ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवून तिथे भरला, त्यांच्या बाजूने उभे राहणे यापेक्षा मराठी समाजाची मोठी सेवा ती कोणती?

त्या प्रकरणाचे कागद वेगळ्या लिफाफ्यात ठेवा, कारण सीमाभागात अशा संस्था अजून निघत आहेत. कर्नाटकात सहकारी संस्था, १९९७ च्या कायद्याखालील सौहार्द संस्था आणि बहुराज्यीय संस्था असे निरनिराळे प्रकार शेजारी-शेजारी चालतात, आणि सर्वसामान्य ठेवीदाराला त्या सगळ्या बँकाच वाटतात. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे, सोसायटीतील ठेवीला नाही, ही एक गोष्ट जरी त्या मुलीने दर तीन महिन्यांनी आपल्या वाहिनीवर सांगितली तरी पुष्कळ झाले. सहकारी संस्था स्वतः माहिती अधिकारात येत नाही, असे सांगून वार्ताहरांना परत पाठवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या निकालात तसे म्हटले आहे हे खरे, पण संस्थांवर देखरेख करणाऱ्या सहकार निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून घेता येते ती निबंधकाकडून मागता येते, असेही त्याच निकालात आहे. लेखापरीक्षण अहवाल तिथूनच मिळतो. बहुराज्यीय संस्था असेल तर केंद्रीय निबंधकांकडे अर्ज करावा लागतो.

आत्मचरित्राची घाई नको. छापून आलेल्या बातम्यांचे पुस्तक करायचे असेल तर वृत्तपत्राशी तुमचा वेगळा करार नसल्यास हरकत नाही. स्वामित्व हक्क कायद्यानुसार नोकरीत असलेल्या पत्रकाराच्या लेखनावर मालकाचा हक्क वृत्तपत्रीय प्रकाशनापुरता असतो, आणि तुम्ही तर अंशकालीन होता. मात्र जुन्या बातमीवरील बदनामीच्या दिवाणी दाव्याची एक वर्षाची मुदत आणि फौजदारी तक्रारीची तीन वर्षांची मुदत कधीच उलटून गेली म्हणून निश्चिंत राहू नका. पुस्तक हे नवे प्रकाशन आहे आणि त्याबरोबर मुदत नव्याने सुरू होते. शिवाय आत्मचरित्रात माणसे खुलवून लिहावी लागतात, आणि तुमच्या आयुष्यातील सर्वांत वाचनीय माणसे हीच नेमकी ज्यांच्याविषयी तुम्ही मौन पाळायचे आहे ती आहेत.

तुमचा अखेरचा प्रश्न मी गंभीरपणे घेतो. पुण्या-मुंबईत गेला असता तर नाव झाले असते, पगार नियमित झाला असता, निवृत्तीनंतर हाती काही आले असते. अंशकालीन वार्ताहराला बातमीच्या ओळींवर मानधन द्यायचे आणि जाहिरातींचे उद्दिष्ट मात्र पूर्णवेळ लादायचे, ही आपल्या वृत्तपत्रांची जुनी आणि लाजिरवाणी पद्धत आहे, आणि तिची किंमत तुमच्या घराने मोजली. ती भरून निघाली असे मी म्हणणार नाही. पण पाझर तलाव पुण्याहून सापडला नसता. तो सापडला कारण त्या शिवारात पाणी कुठे साठते आणि कुठे साठत नाही हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते, आणि बिल हातात आल्यावर त्यातील गट क्रमांक वाचून तिथे तर खडक आहे हे तुमच्या ध्यानात आले असणार. २००२ साली हरियाणातील सिरसा या गावी ‘पूरा सच’ नावाच्या छोट्या सायंदैनिकाने डेरा सच्चा सौदा या पंथातील एका साध्वीचे, अत्याचाराची तक्रार करणारे निनावी पत्र छापले. त्याचे संपादक रामचंद्र छत्रपती यांच्यावर त्याच वर्षी गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा अंत झाला. आणि त्या पत्रातील अत्याचाराच्या प्रकरणात पंधरा वर्षांनी, २०१७ मध्ये, डेऱ्याच्या प्रमुखाला शिक्षा झाली. मोठ्या शहरांतील वार्ताहर तिथे नंतर पोहोचले.

राहिला प्रश्न कागद ठेवायचे कुठे. नावांपासून मोकळे झालेले कागद एका संस्थेला द्या, व्यक्तीला नको, मग ती मुलगी कितीही गुणी असो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग यांच्याकडे आधी पत्राने विचारणा करा. घेण्यास तयार असतील तर यादी करून दोन प्रतींवर पोच घ्या आणि वाचकाला ते पाहता येतील, फक्त बंद कपाटात जाणार नाहीत, अशी अट लेखी घाला. छायाचित्रांचा एक संच, पुराच्या बिलाचे कागद वगळून, त्या मुलीला द्या, एक स्वतःकडे ठेवा. वह्यांचे काम घर सोडण्यापूर्वी पुरे झाले नाही तर त्या कुलूपबंद पेटीत घालून तुमच्याबरोबर पुण्याला न्या. माळ्यावर टाकून भाडेकरूच्या भरवशावर ठेवू नका. मुलाने जागेची अडचण सांगितली, तर कात्रणांची पेटी इथेच वाचनालयात जाऊ द्या आणि वह्यांची तेवढी गाडीत घ्या.